दसऱ्याची पहिली किक

धुळ्यात जुन्या आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत दगडू मिस्तरींचं गॅरेज आहे. मिस्तरी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले चेले दर दसऱ्याला तिथे जमतात. कुणी साक्रीहून येतं, कुणी अमळनेरहून, कुणी चाळीसगावहून. येताना रिकाम्या हातानं यायचं नाही. वर्षभरात बांधलेल्या इंजिनांतलं सगळ्यात अवघड इंजिन, म्हणजे ती अख्खी बुलेटच, सोबत आणायची. तीसुद्धा टेंपोत घालून, कारण इंजिन थंड पाहिजे. हत्यारांची पूजा झाली की एकेक गाडी अंगणात घ्यायची. मिस्तरींची बायको बेबाबाई खाटेवर बसलेली असते. ती प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारते : "कोनी बांधं हाई इंजन?" ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पुढे व्हायचं आणि पहिली किक त्यानंच मारायची. मालकानं नाही, पाहुण्यानं नाही.

मग सगळे कान देऊन ऐकतात. ज्याची गाडी वरून टकटक करेल त्याची पुढच्या दसऱ्यापर्यंत खैर नाही, चहाच्या टपरीवरसुद्धा त्याला टकटक्या म्हणतात. जी गाडी गुपचूप चालेल, तिच्या मिस्तरीचं एक हत्यार दगडू मिस्तरींच्या जुन्या पान्ह्याशेजारी पाटावर ठेवायचं आणि बेबाबाईनं त्याला हळदकुंकू लावायचं. बस, एवढंच. फेटा नाही, ढाल नाही, टाळ्यासुद्धा मोजून-मापून. पण त्या पाटावरच्या जागेसाठी नातवंडं झालेली माणसं दसरा जवळ आला की जेवण विसरतात.

नशिराबादच्या आधार नानांचा पान्हा त्या पाटावर दर वर्षी असायचा. एक दसरा चुकला नव्हता. हायवेला लागून त्यांचं गॅरेज, आणि भुसावळपासून जळगावपर्यंत बुलेट पाळणारा असा माणूस नसेल ज्यानं नानांच्या बाकड्यावर बसून चहा घेतला नाही. नानांना त्याचा गर्व होता का? होता की! उगाच लपवायचं कशाला? आणि सगळ्यात जास्त गर्व होता तो उजव्या हाताच्या दोन बोटांचा.

बुलेटच्या इंजिनात खाली कॅम फिरतो, कॅम पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. पुशरॉड म्हणजे वितीएवढी एक सळई. जुन्या गाड्यांत तिची ढील मिस्तरीनं हातानं लावायची असते. दगडू मिस्तरींनी शिकवलं होतं : सळई चिमटीत धर. फिरव. सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढं जमलं की झाकण लाव. नानांची चिमूट अशी बसली होती की इतर मिस्तरी मुद्दाम गाडी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "नाना, जरा हात लावून द्या."

यंदा मात्र पंचाईत झाली. श्रावणात नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं धूळ, तेल, वाकणं सगळं बंद केलं. नेमक्या त्याच दिवसांत रावेरकडचा योगराज आपली बुलेट घेऊन आला. योगराज केळीवाला, कामाशिवाय बोलायचा नाही, पण गाडीचं नाव काढलं की थांबायचा नाही. त्याच्या गाडीचे दोन्ही कॅम झिजले होते. बदलायचेच आहेत तर जोरदार बसवू, म्हणून त्यानं बाहेरून घासून घेतलेले, जास्त चढाचे, म्हणजे मोठ्या उंचवट्याचे, कॅम आणले होते. असं काम नानांच्या गॅरेजात कधी आलं नव्हतं. नाना हिरवी पट्टी डोळ्यावरून सरकवत म्हणाले, "यंदा धुळ्याले हेच इंजिन."

"पण बांधणार कोण?" योगराजनं विचारलं.

नानांनी आत बघून हाक मारली, "नूतन!"

नूतन म्हणजे नानांची सून. माहेर भडगावचं, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली. नवरा नीलेश भुसावळला रेल्वेत, त्याला गॅरेजच्या तेलाचा वाससुद्धा सहन होत नाही. ही मात्र लग्नानंतर पहिल्या महिन्यात सासऱ्याचा डबा घेऊन आली आणि डबा ठेवून क्लच प्लेटा मोजत बसली. गावानं सुरुवातीला तोंडं वाकडी केली. आधारच्या घरची सून पान्हा धरते म्हणे! नानांनी सरळ तिच्यासाठी वेगळं बाकडं करून घेतलं आणि त्याच्यावर एक बल्ब जास्तीचा लावला.

तर नूतननं इंजिन बांधायला घेतलं. नाना खुर्चीवर बसून सूचना देत होते आणि ती त्यांतल्या निम्म्या ऐकत होती. नवे कॅम व्हॉल्व्हला जास्त खोल ढकलणार, मग व्हॉल्व्ह पिस्टनला तर लागणार नाही? तिनं घरून कणकेचा गोळा आणला, पिस्टनवर थापला, वरून तेलाचं बोट फिरवलं, हेड आणि रॉकर तात्पुरते बसवले आणि इंजिन हातानं फिरवलं. हेड काढून कणीक सुरीनं कापली आणि दबलेल्या जागेची जाडी मोजली. भरपूर होती. व्हॉल्व्हची स्प्रिंग पूर्ण दबल्यावरही तिच्या वेढ्यांत फट राहते का, तेही तिनं फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पातं घालून बघितलं.

"सासूबाई विचारत होत्या, कणीक कशाला हवी," ती म्हणाली.

"काय सांगितलं मग?"

"म्हटलं, नानांच्या गाडीला पोळी."

नाना असे हसले की डोळ्याला रुमाल लावावा लागला.

शेवटी रॉकर पक्के बसले. आता राहिलं झाकण. नाना खुर्चीवरून उठले, हात रॉकेलनं धुतले, कोरडे केले, आणि डॉक्टरला न विचारता इंजिनापाशी आले. डोळे मिटून त्यांनी पहिला पुशरॉड चिमटीत धरला आणि फिरवला. लोण्यासारखा फिरला. वरखाली हलेना. दुसरा धरला, तोही तसाच. नानांचा चेहरा खुलला.

"वा! लाव झाकण."

नूतन हलली नाही. तिच्या हातात फिलर गेजचं पातं होतं.

"नाना, हे बरोबर नाही. दोन्हींना दाब अजिबात नाही. मी मोजलं."

"दाब कशाले पाहिजे? सळई मोकळी फिरते, हलत नाही. अजून काय पाहिजे?"

"जुन्या गाडीला तेवढंच पाहिजे. या गाडीत पुशरॉडखाली लिफ्टर आहेत. त्यांच्या पोटातली वाटी थोडी दबलेली असायला हवी. ती वरच राहिली तर..."

"तू मले शिकवून राह्यली?"

आवाज चढला तसा योगराज बाकड्यावरून उठून उगाच बाहेर केळीच्या टेंपोकडे बघायला गेला. नानांचं डोकं खरंच तापलं होतं. आयुष्यभर ज्या बोटांच्या जिवावर नाव कमावलं, त्या बोटांना घरचीच पोर खोटं ठरवत होती, तेही गिऱ्हाइकासमोर.

"झाकण लाव म्हटलं ना!"

नूतननं पान्हा उचलला. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज शांत होता. "लावते, नाना. तुम्ही म्हणाल तर आत्ता लावते. पण मग धुळ्याला हे इंजिन मी बांधलं असं सांगू नका. किक तुम्ही मारा."

हे वाक्य नानांना झोंबलं. ते चपला घालून घरी निघून गेले. घरी बायकोनं, मंदाबाईंनी, शेवभाजी वाढली, तर त्यांनी भाकरी नुसती कुस्करली. मंदाबाईंना सगळा प्रकार कळायला दोन प्रश्न पुरले. "पोरगी खोटं बोलते का?" "नाही." "मग मोजून बघायले काय झालं? तुमची बोटं झिजतात का त्याच्यानं?"

नाना परत आले ते डोक्यात राख घालूनच, पण आले. "दाखव," म्हणाले.

नूतननं जुना काढलेला लिफ्टर त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या दोन पेरांएवढा लोखंडी तुकडा, वरच्या तोंडाला छोटी वाटी. "डोळे मिटा आणि अंगठ्यानं दाबा," ती म्हणाली. नानांनी दाबलं. वाटी स्प्रिंगवर थोडी खाली गेली आणि सोडल्यावर वर आली. "पुशरॉड या वाटीत उभा राहतो. गाडी चालू झाली की हिच्याखाली तेल भरतं आणि सगळी ढील ते तेल भरून काढतं. पण त्यासाठी वाटी आधीच थोडी खाली बसलेली पाहिजे. खालीही जायला जागा, वरही यायला जागा. आपली वाटी आत्ता अगदी वरच्या कडीला टेकली आहे. तिला वर यायला जागाच नाही. इंजिन तापलं, जरा फट पडली, की टकटक सुरू."

मग तिनं कोपऱ्यात उघडी ठेवलेली दुसरी बुलेट दाखवली. तीच जात, पण कॅम मूळचेच. "आता ह्याचा फिरवून बघा."

नानांनी चिमूट लावली. पुशरॉड फिरला, पण खाली कुणीतरी हलकेच धरून ठेवल्यासारखा. लोण्यासारखा तर नाहीच. नानांनी पुन्हा फिरवला. मग उठून योगराजच्या इंजिनाचा फिरवला. परत इकडचा. असं तीन-चार वेळा झालं आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"अरे!" ते म्हणाले. "ह्या जातीच्या शेकडो गाड्या मी बांधल्या. चिमूट कधी लावलीच नाही. लावायचं कामच नव्हतं."

"कारण त्यात सगळे भाग मूळच्या मापाचे. जुळतातच. हे कॅम घासलेले आहेत. चढ वाढवायचा तर पायथा घासावा लागतो. घासणाऱ्याची काही चूक नाही. पायथा खाली गेला, त्याच्यावरचा लिफ्टर खाली गेला, आणि पुशरॉड आखूड पडला."

नानांनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं. वाईट वाटलं त्यांना, खूप वाटलं. पण त्याच्याखालून दुसरंही काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे त्यांना स्वतःलाच नीट कळेना. ते एवढंच म्हणाले, "मग किती लांब पाहिजे?"

नूतन हसली. तिनं बाकड्याच्या खणातून एक विचित्र वस्तू काढली. जुना पुशरॉड मधोमध कापलेला, एका तुकड्यात आटे पाडलेले, त्यात बोल्ट आणि बोल्टवर नट. बोल्ट फिरवला की रॉड लांब, उलटा फिरवला की आखूड.

"हे केव्हा केलं?"

"तुम्ही घरी रागावून बसला होता तेव्हा."

तो नट-बोल्टवाला रॉड तिनं इंजिनात घातला. कॅमचा चढ खाली आहे याची खात्री करून रॉड नुसता टेकेपर्यंत लांब केला, मग वाटी हवी तेवढी दबेपर्यंत आणखी. नट कसला, रॉड बाहेर काढला, व्हर्नियरनं मोजला. दुसऱ्या बाजूचंही तसंच. प्रत्येक माप तिनं नानांना पुन्हा घ्यायला लावलं. नानांना बारीक आकडे दिसत नव्हते, तर योगराजला हाक मारून वाचायला सांगितलं. मूळच्या रॉडपेक्षा एक मिलीमीटर आणि वर थोडं जास्त. जळगावच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं त्या मापाचे दोन रॉड करून दिले. ते बसवल्यावर नानांनी पुन्हा डोळे मिटून चिमूट लावली. या वेळी खाली ती हलकी पकड होती. नानांनी मान डोलावली आणि झाकणाचे बोल्ट नूतनच्या हातात दिले.

गाडी चालू झाली ती अशी गप्प, की योगराज टाकीवर कान ठेवून लहान पोरासारखा हसत बसला.

दसऱ्याला सकाळी बुलेट योगराजच्या टेंपोत चढली. नूतन यायला तयार नव्हती. "तिथे सगळे तुमचे जुने दोस्त, नाना. मी काय करू?"

"बस गाडीत," नाना म्हणाले. वाद संपला.

धुळ्याला गल्लीत पोचले तर दारातच गिरधर उभा. दगडू मिस्तरींचं गॅरेज आता तोच चालवतो. आधार आणि गिरधर एकाच वयाचे, एकाच उस्तादाचे, आणि एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नाही.

"ये रे आधार! बठ्ठा आई गयात, तूच बाकी. डोया कसा शे?"

"तुझं तोंड दिसते म्हणजे बराच असेल."

पूजा झाली. आपट्याची पानं दिली-घेतली गेली. साक्रीवाल्याची गाडी गप्प चालली, त्याचा पान्हा पाटावर गेला. अमळनेरवाल्याची टकटकली आणि अंगणात असा हशा पिकला की शेजारच्या गच्चीवर बायका बघायला आल्या. मग योगराजची बुलेट पुढे आली. योगराजनं आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की कॅम बदललेले आहेत, त्यामुळे मंडळी जवळ सरकली. कॅम बदललेलं इंजिन गप्प ठेवणं म्हणजे खायचं काम नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बेबाबाईनं खाटेवरून विचारलं, "कोनी बांधं हाई इंजन?"

सवयीनं सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना पुढे झाले नाहीत.

"माझ्या सुनेनं, वहिनी."

अंगणात कुजबुज झाली. नूतन टेंपोच्या आड उभी होती, ती आणखी मागे सरकली. गिरधरनं हसत हात हलवला. "अरे, सून म्हणजे घरचीच की. तुझ्याच गॅरेजचं इंजिन, तुझाही हात लागलाच असेल. मार तू किक. एकही दसरा हुकलेला नाही तुझा."

आता बघा, वाट किती सोपी होती. खोटंही बोलायचं नव्हतं. हात खरंच लागला होता. नानांनी एकदा पाटाकडे बघितलं, जिथे दर वर्षी त्यांचा पान्हा असायचा.

"लागला होता," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम मोठा केला. "माझ्या हातानं सांगितलं होतं, ठीक आहे, झाकण लाव. ते चूक होतं. हिनं मोजलं, माझ्याशी भांडली, अन् बरोबर केलं. माझ्या म्हणण्यानं झाकण लावलं असतं तर आज अमळनेरवाल्याच्या शेजारी मी बसलो असतो. हे इंजिन तिचं. नूतन, ये."

नूतन आली. ओढणी तिनं कमरेला आवळून बांधली, गाडीवर उभी राहिली, पायानं किक हळू खाली नेऊन अंदाज घेतला, आणि मारली.

पहिल्याच किकला इंजिन धडधडलं. आणि वरून आवाज आला : टक्. टक्. टक्. टक्.

अमळनेरवाल्याच्या तोंडावर हसू उमटायला लागलं. गिरधरनं मान खाली घातली, दोस्ताची फजिती बघवेना म्हणून. नाना नूतनकडे बघत होते. ती घाबरलेली नव्हती. तिनं रेस वाढवली नाही, नुसता हात वर केला.

"थांबा. रात्रभर उभी होती आणि टेंपोत हिंदकळली. तेल चढू द्या."

टक्. टक्... टक्. आणि मग एकदम काहीच नाही. राहिली ती फक्त धडधड, खोल आणि एकसारखी, वरचा भाग अगदी मुका. गिरधरनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मोठे केले. बेबाबाईला असल्या गोष्टींची गरज नव्हती. चाळीस वर्षं तिनं याच अंगणात इंजिनं ऐकली होती. ती मान डोलावत होती.

"बंद कर व बेटी," ती म्हणाली. "मिस्तरी ऱ्हाता तर उठी उभा ऱ्हाता. आन तुनं हत्यार."

नूतन गोंधळली. तिनं हत्यार आणलंच नव्हतं, तिला वाटलं होतं पाटावर नानांचाच पान्हा जाईल. ती नानांकडे वळली. नानांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं रुमाल उघडला. आत तो नट-बोल्टवाला रॉड होता, रॉकेलनं धुऊन चकचकीत केलेला.

"अन् तुना पान्हा, आधार?" बेबाबाईनं विचारलं.

"घरी ठेवला, वहिनी. हे इंजिन त्यानं बांधलेलं नाही."

नूतननं रॉड दगडू मिस्तरींच्या पान्ह्याशेजारी ठेवला. बेबाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, मग ओलं बोट तसंच नूतनच्या कपाळाला टेकवलं. नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. नानांच्याही आलं, पण त्यांना डॉक्टरनं दिलेला बहाणा होता.

"हाई काय शे पण?" बेबाबाईनं रॉडकडे बोट केलं. साक्रीवाला पुढे झाला, अमळनेरवालाही आला. गिरधरनं रॉड उचलला, बोल्ट फिरवला, लांब केला, आखूड केला, आणि नेहमीचा टोमणा विसरून विचारलं, "आधार, हे चालतं कसं रे?"

आधार नाना बाकड्यावर ऐसपैस बसले, पाय पसरले, आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले नको विचारू. तिले विचार."